काचबिंदूचे थेंब : डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड की जनऔषधी केंद्रातली बाटली?

कोयनाकाठ | ४ मार्च, रात्री ९:१०

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची असून ती कराडला एकटी राहते. चार वर्षांपूर्वी तिला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. तेव्हापासून ती डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी रात्री झोपण्यापूर्वी लॅटॅनोप्रोस्टचा आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचा एकेक थेंब घालते. निदानाच्या वेळी उजव्या डोळ्यातला दाब २६ आणि डाव्यातला २४ होता. गेली दोन वर्षे तो १५-१६ च्या आसपास स्थिर असून फील्ड टेस्टमध्येही (नजरेचा परीघ तपासणाऱ्या चाचणीत) नवे नुकसान दिसलेले नाही.

आता तिच्या घरापासून पाच मिनिटांवर जनऔषधी केंद्र सुरू झाले आहे. तिथे हेच दोन्ही थेंब डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आई रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच आणते, त्यामुळे "गोळ्या चालतात, मग थेंबांनाच काय सोने लागले आहे?" असा तिचा रोकडा सवाल आहे. माझा भाऊ मात्र म्हणतो की गेलेली दृष्टी परत येत नाही, तेव्हा महिन्याच्या काही रुपयांसाठी मूळ कंपनीचे औषध सोडू नये. दोन्ही बाटल्यांवर लॅटॅनोप्रोस्ट ०.००५ टक्के असेच छापलेले आहे. मग फरक नेमका कशात असतो, आणि ज्यांनी असा बदल केला त्यांना काय अनुभव आला, हे जाणून घ्यायचे आहे.

खलबत्ता | ४ मार्च, रात्री १०:०२

ताई, उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो. तुमचे बंधू ज्याला "मूळ कंपनी" म्हणतात, तिचे नाव खोक्यावर वाचून पाहिले आहे का? मी ३१ वर्षे मिरजेत औषधाचे दुकान चालवले. "ओरिजिनल द्या" म्हणणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जण जी बाटली घेऊन जात, तीही जेनेरिकच, म्हणजे मूळ शोधणाऱ्या कंपनीऐवजी दुसऱ्याच कंपनीने बनवलेले तेच औषध, असे. फक्त तिला नाव दिलेले असे.

१९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हते, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळत असे. १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागले. तोपर्यंत आपल्याकडच्या कंपन्यांनी जगातली बहुतेक औषधे स्वतःच्या पद्धतीने बनवून आपापल्या नावाने बाजारात आणलेली होती. लॅटॅनोप्रोस्टचा मूळ ब्रँड १९९६ साली अमेरिकेत मान्य झालेला झॅलॅटन हा आहे. चिठ्ठीवर ते नाव नसेल, तर तुमच्या आई चार वर्षे एका कंपनीचे जेनेरिकच घालत आहेत आणि आता दुसऱ्या कंपनीचे घालू का, असे विचारत आहेत.

पानसुपारी | ४ मार्च, रात्री १०:१५

म्हणजे लग्न एका जेनेरिकशी झालेले असून चौकशी दुसऱ्या जेनेरिकची चालली आहे, असे म्हणायचे.

मीराबाग | ५ मार्च, सकाळी ७:४८

माझा अनुभव वाईट आहे, म्हणून तो सविस्तर लिहिते. मलाही काचबिंदू आहे आणि मी सहा वर्षे एकच ब्रँड वापरत होते. गेल्या दिवाळीच्या सुमारास नेहमीच्या दुकानात तो संपला होता, तेव्हा दुकानदाराने "सेम कंटेंट आहे" असे सांगून दुसरी बाटली दिली. तिसऱ्या दिवसापासून सकाळी डोळे लाल दिसू लागले आणि थेंब घातल्यावर चांगली दहा मिनिटे चुरचुरत असे. पाच आठवड्यांनी तपासणीत दाब १४ वरून १९ वर गेल्याचे दिसले. डॉक्टरांनी जुना ब्रँड पुन्हा सुरू केला आणि पुढच्या तपासणीत दाब पूर्ववत झाला. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आहे. डोळ्यांच्या बाबतीत जेनेरिक नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

खलबत्ता | ५ मार्च, सकाळी ८:३०

मीराबाग, तुम्हाला झालेला त्रास खरा आहे आणि त्यात त्या दुकानदाराची चूक आहे, हे मी दुकानदार असूनही सांगतो. औषध नियमावलीतील नियम ६५ च्या पोटनियम ११-अ नुसार शेड्यूल एच मधील (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे) औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले असेल, त्याऐवजी दुसरी बाटली देण्याची मुभा औषधविक्रेत्याला नाही, मग आतला घटक तोच असला तरीही. चिठ्ठीवर नुसता घटक लिहिलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

त्रैराशिक | ५ मार्च, सकाळी ९:०५

त्या एका अनुभवावरून सगळ्या जेनेरिकना बाद करणे मला पटत नाही. डोळे चुरचुरत असताना त्या पाच आठवड्यांत एकही थेंब चुकला नव्हता का? आणि दोन्ही वेळचे दाब दिवसाच्या एकाच वेळी मोजले होते का?

मीराबाग | ५ मार्च, सकाळी ९:४०

वेळेचे आता आठवत नाही. थेंब तीन-चार रात्री टाळले होते, हे मान्य करते. पण ते चुरचुरण्यामुळेच टाळले ना? औषध जळजळते म्हणून रुग्णाने ते टाळले आणि दाब वाढला, तर त्यात औषधाचा काहीच वाटा नाही, असे कसे म्हणता येईल?

त्रैराशिक | ५ मार्च, सकाळी ९:५२

हे उत्तर बिनतोड आहे. मी माघार घेतो.

दृष्टिक्षेप | ५ मार्च, रात्री ११:२०

मी काचबिंदूचे रुग्ण तपासणारा नेत्रतज्ज्ञ आहे. मीराबाग यांनी शेवटी जे लिहिले, तेच या विषयाचे मर्म आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बाटलीवर छापलेला घटक आणि त्याचे प्रमाण हा बाटलीतील द्रवाचा अगदी लहान भाग असतो. ०.००५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम. बाकी सगळे पाणी, क्षार, आम्लता सांभाळणारी द्रव्ये आणि परिरक्षक (बाटलीत जंतू वाढू न देणारे द्रव्य) असते. लॅटॅनोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असते आणि ज्यांचे डोळे मुळात कोरडे असतात त्यांना ते विशेष झोंबते. लॅटॅनोप्रोस्टने स्वतःही काहींचे डोळे लाल होतात. त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या बाटलीने एखाद्याला अधिक त्रास होणे शक्य आहे. तो प्रत्येकाला होईल असे नाही, आणि महाग बाटलीने होणार नाही असेही नाही.

गोळ्यांची तुलना येथे लागू पडत नाही, हे कोयनाकाठ यांच्या आईंना जरूर सांगावे. गोळी जेनेरिक असली तर ती घेतल्यावर रक्तात किती औषध उतरते हे मोजून मूळ औषधाशी पडताळता येते. डोळ्यातील थेंबाचे काम डोळ्यातच होते. रक्तात जे उतरते त्यावरून आत किती पोहोचले हे कळत नाही, आणि डोळ्याच्या आतले पाणी काढून तपासणे काही रोजचे काम नव्हे. म्हणून जगभर थेंबांच्या बाबतीत मुख्य भर पडतो तो घटकद्रव्ये मूळ औषधाशी किती जुळतात यावर.

पुरावा काय आहे? २००७ साली इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीमध्ये ३० रुग्णांवरील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात मूळ ब्रँडने दाब सुमारे ३८ टक्क्यांनी, तर एका भारतीय लॅटॅनोप्रोस्टने सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. पुढे औषधांची अदलाबदल केल्यावर ब्रँडवरून जेनेरिकवर आलेल्यांचा दाब थोडा चढला आणि उलट गेलेल्यांचा थोडा उतरला. हा अभ्यास माझ्या व्यवसायातील अनेक जण जेनेरिकविरुद्ध पुढे करतात. मी मात्र तो वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवतो : रुग्ण फार थोडे होते, कोणाला कोणते औषध दिले आहे हे झाकलेले नव्हते, आणि लॅटॅनोप्रोस्टकडून २५ ते ३० टक्के उतार अपेक्षित असतो, त्यामुळे २५ टक्के म्हणजे औषध निकामी ठरले असे होत नाही. एका कंपनीच्या बाटलीबद्दलचा निष्कर्ष बाकी सर्वांना लावणेही बरोबर नाही.

माझ्या रुग्णांना मी एवढेच सांगतो की कोणतीही बाटली घ्या, पण दर महिन्याला नवी घेऊ नका. बदल करायचा असेल तर मला कळवून करा आणि चार ते सहा आठवड्यांनी दाब मोजून घ्या. डोळ्यातला दाब दिवसभरात स्वतःहूनच खाली-वर होत असतो, म्हणून शक्यतो पूर्वीच्याच वेळी या. बदललेल्या बाटलीने काम केले की नाही, हे सांगणारी दुसरी कोणतीही खूण रुग्णाला घरी मिळत नाही. दाब चढल्याने अशा हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूत डोळा दुखत नाही, की लगेच अंधूकही दिसत नाही.

पानसुपारी | ६ मार्च, सकाळी ६:५५

डॉक्टरसाहेब, आपण औषध कंपनीची डायरी वापरता की स्वतःची विकत घेता, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.

दृष्टिक्षेप | ६ मार्च, दुपारी २:१०

डायरी मुलीची जुनी वही आहे. पेन मात्र कंपनीचे आहे. प्रश्न रास्त आहे आणि आम्हाला तो विचारला गेला पाहिजे. तरीही ब्रँडचे नाव लिहिण्यामागे एक साधे कारण असते. नुसते "लॅटॅनोप्रोस्ट" असे लिहिले, तर कोणती बाटली द्यायची हे दुकानात ठरते, आणि पुढच्या तपासणीत दाब चढलेला आढळला तर मला काय बदलावे हे कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याचे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. त्या वादात दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, त्यात ही अडचण फारच थोड्यांनी मांडली.

खलबत्ता | ६ मार्च, संध्याकाळी ५:३०

डॉक्टर, तुम्ही दुकानदाराचे नाव घेतलेच आहे, तर आता दुकानातले गणितही सांगून टाकतो. सरकारच्या किंमत नियंत्रणाखाली असलेल्या औषधाची कमाल किंमत काढताना किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला जातो. लॅटॅनोप्रोस्ट २०२२ साली आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले, म्हणजे तेही या नियंत्रणाखाली आले. मात्र कंपन्या एक माल असाही काढतात, ज्याची माहिती द्यायला डॉक्टरांकडे प्रतिनिधी जात नाही आणि जो थेट दुकानदाराला विकला जातो. आम्ही त्याला नुसते "जेनेरिक" म्हणत असू. त्याच्यावरची छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत पुष्कळ अंतर असते. गिऱ्हाइकाला ३० टक्के सूट दिल्याचे पुण्य मिळते आणि गल्ल्यात त्याहून मोठी रक्कम पडते. मीराबाग यांना बहुधा अशी बाटली मिळाली असावी.

२००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेचे तसे नाही. तिथे किंमत मुळातच कमी छापलेली असते. पण तो माल निविदा काढून वेगवेगळ्या कारखान्यांकडून घेतला जातो. म्हणून आज आणलेल्या बाटलीवर एका कारखान्याचे नाव आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याचे, असे होऊ शकते. डॉक्टर जी स्थिरता सांगतात, ती तिथे नावावरून नव्हे, तर बारीक अक्षरातल्या उत्पादकाच्या ओळीवरून तपासावी लागते.

बारा_तासांची_पाळी | ७ मार्च, पहाटे ४:१५

रात्रपाळी चालू असल्यामुळे या वेळी लिहीत आहे. डोळ्यांचे थेंब बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे एकाच यंत्रावर सकाळी एका नामांकित कंपनीचे आणि दुपारी सरकारी पुरवठ्याचे लेबल लागणारा माल भरला जातो. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाते आणि निर्जंतुक खोलीत बाटलीबंद होते. यंत्राला लेबल कळत नाही. खोक्यावर "उत्पादक" आणि "विपणन" अशा दोन ओळी असतील तर पहिली वाचावी. हिमाचलमधील बद्दी या औषध कारखान्यांच्या गावाचा पत्ता कितीतरी मोठ्या नावांच्या खोक्यांवर सापडेल.

असे असले तरी निर्जंतुकता हा ब्रँड आणि जेनेरिक या वादापेक्षा फार मोठा विषय आहे. २०२२-२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या थेंबांमुळे औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास या जिवाणूची लागण पसरली. तेथील रोगनियंत्रण केंद्राने १८ राज्यांतले ८१ रुग्ण मोजले, काहींची दृष्टी गेली, चौघांचा मृत्यू झाला. तो माल चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार झालेला होता आणि त्याला छान इंग्रजी ब्रँडची नावे होती. त्या बाटल्यांत परिरक्षक नव्हते आणि तरीही त्या अनेकदा वापरण्याच्या होत्या. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला ही बातमी वाचून झोप लागली नाही, हे वेगळे सांगायला नको.

हडसनपार | ७ मार्च, सकाळी ८:०० (भारतीय वेळ)

न्यू जर्सीत तो प्रकार आम्ही बातम्यांत रोज पाहत होतो. आमच्या सासूबाईंचे थेंब त्या यादीत नव्हते, तरी घरातली प्रत्येक बाटली दिव्याखाली धरून नाव वाचली गेली.

इथली पद्धत तुमच्यापेक्षा नेमकी उलटी आहे. लॅटॅनोप्रोस्टचे पेटंट २०११ मध्ये संपले आणि जेनेरिक बाजारात आले, तसे औषधविक्रेत्यानेच सासऱ्यांची बाटली बदलून दिली. डॉक्टरांनी "हेच द्या" असे मुद्दाम लिहिले नसेल, तर इथे तेच केले जाते, आणि ब्रँडच हवा असेल तर विमा कंपनी बहुतेक वेळा तोंड वाकडे करते. जेनेरिक थेंबांत मूळ औषधातलीच बाकीची द्रव्ये त्याच प्रमाणात असावीत, असा इथला साधारण नियम आहे. परिरक्षक, क्षार अशा मोजक्या गोष्टींत फरक केला तर तो दाखवून तो सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे लागते. सासऱ्यांना बदल झालेला कळला तो फक्त झाकणाच्या आकारावरून, कारण नवे झाकण त्यांच्या थरथरत्या हातातून सारखे पडत असे.

त्रैराशिक | ७ मार्च, सकाळी ११:३५

झाकणावरून आठवले. किमतीची तुलना बाटलीमागे करणे चुकीचे आहे, ती दिवसामागे करायला हवी. लॅटॅनोप्रोस्टची बाटली साधारणतः २.५ मिलिलिटरची असते. नळीच्या तोंडाचा आकार आणि बाटलीचा मऊपणा यांनुसार एक थेंब २५ ते ५० मायक्रोलिटरचा पडतो. समजा एका कंपनीचा थेंब ३० चा आहे, तर बाटलीत ८३ थेंब होतात आणि दोन डोळ्यांना ४१ दिवस पुरतात. दुसरीचा ४५ चा असेल, तर ५५ थेंब आणि २७ दिवस. पापणीच्या खोबणीत एका वेळी जेमतेम ३० मायक्रोलिटर मावते, म्हणजे मोठ्या थेंबातला उरलेला भाग गालावर ओघळतो. औषध दीडपट लवकर संपते आणि लाभ काडीचाही वाढत नाही.

खलबत्ता | ७ मार्च, दुपारी १२:२०

गणित बरोबर, पण व्यवहार सुटला. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर "उघडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरा" असे छापलेले असते. महिन्याला दोन डोळ्यांचे ६० थेंब लागतात. तुमच्या ८३ थेंबांच्या बाटलीतले २३ थेंब टाकूनच द्यायचे असतील, तर छोट्या थेंबाचा फायदा गेला कुठे?

त्रैराशिक | ७ मार्च, दुपारी १२:४१

या धाग्यावर मी दुसऱ्यांदा माघार घेत आहे. तरी २७ दिवसांत संपणारी बाटली शेवटचे तीन दिवस रुग्णाला थेंबाविना ठेवू शकते, आणि निवृत्तिवेतन एक तारखेला येते, एवढे नोंदवून ठेवतो.

दृष्टिक्षेप | ७ मार्च, रात्री १०:४५

त्रैराशिक यांची ही शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. परवडत नाही म्हणून बाटली ओढून-ताणून दीड महिना पुरवणारे, एका डोळ्यातच थेंब घालणारे आणि "या महिन्यात राहू द्या" म्हणणारे रुग्ण मी दर आठवड्याला पाहतो. अशा माणसाला महाग ब्रँड लिहून देण्यात काही अर्थ नाही. त्याच्यासाठी रोज डोळ्यात पडणारी स्वस्त बाटलीच उत्तम.

थेंब बाहेर ओघळण्याविषयी थोडे सांगतो. खालची पापणी ओढून एकच थेंब घालावा, डोळा अलगद मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध घालायचे असेल तर पाच मिनिटे थांबावे. टिमोलॉलच्या बाबतीत कोपरा दाबणे अधिकच आवश्यक आहे, कारण नाकातून ते रक्तात उतरते; दमा असणाऱ्यांनी तर ते घेऊच नये.

कृष्णमेघ | ८ मार्च, सकाळी १०:००

माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढील आठवड्यात आहे. त्यानंतरच्या प्रतिजैविक आणि स्टिरॉइड थेंबांनाही हीच काळजी लागू आहे का?

दृष्टिक्षेप | ८ मार्च, दुपारी १:३०

मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक काही दिवसांपुरते असते आणि चांगल्या कारखान्याचे असले की मी कंपनीचा फारसा आग्रह धरत नाही. प्रेडनिसोलोन अॅसिटेट मात्र पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण द्रवात तरंगतात आणि तळाशी बसतात. कणांचा बारीकपणा कंपनीगणिक बदलू शकतो. ती बाटली प्रत्येक वेळी नीट हलवावी, नाहीतर पहिल्या आठवड्यात पाणी आणि शेवटी सगळे औषध, असा प्रकार होतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी जे लिहिले असेल, ते त्या काही आठवड्यांत बदलू नये. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी निगडित ऑरोलॅब १९९२ पासून कमी किमतीची भिंगे आणि पुढे थेंबही बनवत आली आहे, त्यामुळे स्वस्त म्हणजे कच्चे, हे समीकरण आमच्या शाखेत तरी केव्हाच मोडलेले आहे.

उन्हाची_तिरीप | ९ मार्च, दुपारी ३:२५

अकोल्याहून लिहितो. तुम्ही सर्व जण कंपनीवर वाद घालत आहात, पण बाटली आपल्या हातात येईपर्यंत कुठे होती, हे कोणीच विचारलेले नाही. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत चालते. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतात आणि "खोलीचे तापमान" ही पुण्या-मुंबईकडची कल्पना आहे. गेल्या उन्हाळ्यात मी ऑनलाइन मागवलेले थेंब दुपारी दोन वाजता आले, तेव्हा खोका हाताला चटका देत होता आणि आतली बर्फाची पिशवी कधीच पाणी होऊन गेली होती. ती बाटली नामांकित ब्रँडची होती. मी ती परत केली आणि आता जवळच्या दुकानातून, फ्रिजमधून काढून देताना स्वतः पाहूनच घेतो.

बारा_तासांची_पाळी | ९ मार्च, रात्री ८:१०

मूळ औषधाच्या माहितीपत्रकात वाहतुकीदरम्यान ४० अंशांपर्यंत आठ दिवस चालेल, अशी सवलत दिलेली आहे. ४५ अंशांची नाही. तुम्ही योग्य केलेत.

कोयनाकाठ | १० मार्च, रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी कराडला जाऊन आले. खलबत्ताकाका, आपण म्हणालात ते खरे निघाले : आईचा "मूळ" ब्रँड भारतीय कंपनीचा असून उत्पादकाच्या ओळीत तिसऱ्याच कारखान्याचे नाव आहे. ते वाचून दाखवल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. तिच्या डॉक्टरांना फोन केला असता त्यांनी बदलाला हरकत घेतली नाही, पण दोन्ही बाटल्या एकदम बदलू नका, असे बजावले. दाब चढला तर दोष कोणाचा हे कळणार नाही. आधी टिमोलॉल बदलत आहोत. जनऔषधी केंद्रात फ्रिज आहे आणि तो चालू होता, हेही पाहून आले.

पानसुपारी | १० मार्च, रात्री ९:४४

भावाला गप्प करणारे औषध जेनेरिकमध्ये उपलब्ध असल्यास मलाही कळवावे.

कोयनाकाठ | २८ एप्रिल, संध्याकाळी ७:००

टिमोलॉल बदलून सहा आठवडे झाले. मागच्या वेळेप्रमाणेच सकाळी दहाच्या सुमारास दाब मोजला. उजवा १५ आणि डावा १६ भरला. आजपासून लॅटॅनोप्रोस्टही जनऔषधीचे सुरू केले आहे.

कोयनाकाठ | १६ जून, रात्री ८:५०

पुढची हकिगत थोडी वेगळी झाली. जनऔषधीच्या लॅटॅनोप्रोस्टने आईचे डोळे लाल झाले नाहीत, जळजळही झाली नाही. पण बाटली इतकी टणक होती की संधिवाताने आखडलेल्या बोटांनी तिला ती दाबताच येईना. दोन्ही हातांनी दाबली की एकदम तीन थेंब पडत. पहिली बाटली एकोणिसाव्या दिवशीच संपली. तोपर्यंत तिने आम्हाला काही सांगितले नव्हते, कारण हा बदल तिच्याच हट्टाने झाला होता.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून तीन कंपन्यांच्या रिकाम्या बाटल्या दाबून पाहायला लावल्या. त्यांतली जी तिला एका हाताने दाबता आली, ती एका कमी प्रसिद्ध कंपनीची निघाली. तिची किंमत जुन्या ब्रँडपेक्षा कमी आणि जनऔषधीपेक्षा जास्त आहे. १९ मे पासून ती सुरू आहे. आज चार आठवडे झाले. दाब १६ आणि १५. टिमोलॉल जनऔषधीचेच चालू राहील, त्याची बाटली मऊ आहे.

मीराबाग | १६ जून, रात्री ९:२०

आईंना नमस्कार सांगा. "जेनेरिक नकोच" हे माझे वाक्य मी मागे घेत नाही, पण आज माझ्या ब्रँडच्या खोक्यावरची उत्पादकाची ओळ वाचली. ती वाचून खलबत्ताकाका हसतील, म्हणून येथे लिहीत नाही.

खलबत्ता | १६ जून, रात्री ९:३१

हसलो. कोयनाकाठताई, आत्ताच्या बाटलीचे रिकामे खोके टाकू नका. पुढच्या वेळी दुकानात ते दाखवून तीच कंपनी आणि तोच कारखाना मागा, आणि नवी बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख तिच्यावर बॉलपेनने लिहून ठेवायला आईंना सांगा.

कोयनाकाठ | १६ जून, रात्री ९:५०

खोके देवघराच्या फळीवर ठेवले आहे. तारीख तिने मराठी महिन्याप्रमाणे लिहिली आहे : वैशाख शुद्ध. तिथी पुसली गेली आहे.